शहीद हिंदुराव खाडे मार्ग

एस.टी. धुरळा उडवत पुढं निघून गेली. मी ट्रंक खाली ठेवून मान वर केली, तर समोर माझंच नाव.

फाट्यावर, चुना लावलेल्या दोन धोंड्यांच्या आधारानं एक फळी उभी केली होती. तिच्यावर डांबरानं लिहिलं होतं, ‘शहिद हिंदुराव बाळा खाडे मार्ग.’ शहीदमधला ‘ही’ ऱ्हस्व काढला होता. खाली आणखी एक ओळ होती, ‘कुरणवाडी ग्रामस्थ’. मी दोनदा वाचलं. हसायला गेलो तर जबडा कळवळला. गोळी लागून वर्ष झालं होतं, पण हसू आलं की तो अजून दुखायचा.

“तोंड झाक! हिंदुराव, तोंड झाक लेका!”

बाभळीच्या आडून आमचे सरपंच बापूराव नलवडे धोतराचा सोगा सावरत धावत आले. येऊन त्यांनी मला मिठी मारली. माणूस खरोखर रडत होता. रडता रडताच त्यांनी आपल्या गळ्यातला मफलर काढला आणि माझ्या तोंडाभोवती गुंडाळला.

“बापू, तार मिळाली न्हवं माझी?”

“मिळाली. आठ दिस झालं. समद्या गावात गूळ वाटला म्या सोताच्या हातानं.”

“मग ही पाटी?”

“ती पाटी शनवारपतुर ऱ्हाऊ दे. आनि तूबी शनवारपतुर मेलेलाच ऱ्हा.”

 बापूंनी माझी ट्रंक उचलली आणि मला ओढ्याच्या अंगानं, आडवाटेनं गावाकडं नेलं. जाता जाता सगळं सांगितलं.

हे त्र्याहत्तरच्या जानेवारीतलं. आमच्या माण भागात दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरींचा तळ दिसत होता. ओढ्यातला वाळवंटाचा पट्टा पांढरा पडला होता. सरकारनं जागोजागी दुष्काळी कामं काढली होती आणि आमच्या गावाला फाट्यापासून गावापर्यंत दोन मैलांचा रस्ता मिळाला होता. तीनशे माणसं त्या रस्त्यावर खडी फोडत होती. त्यात बाया निम्म्याहून जास्त. त्याच कामावर चुली पेटत होत्या.

“काम मिळावं म्हनून अर्ज केला तवा तुजं नाव घातलं रं,” बापू म्हणाले. “पलटनीचा कागद आला हुता, बेपत्ता, बहुधा मृत. म्या अर्जात लिवलं, आमच्या गावच्या शहीद जवानाच्या नावानं रस्ता करायचा हाय. पंधरा दिसांत मंजुरी आली. शेजारच्या गावाला अजून न्हाई.”

“बरं मग?”

“आता दोन मैल संपत आलं. शनवारी प्रांतसाहेब येनार, काम बघनार, आनि फुडचं द्यायचं का न्हाई ते ठरवनार. त्यात कुनी सांगितलं की शहीद घरात बसून भाकरी खातोय, तर?” बापू थांबले.  “तीनशे मानसं हाईत, हिंदुराव. चार दिस. घरात बस. झोप काढ. गावाचं तोंड म्या धरलंय, भायेरच्या कुनाला दिसू नगंस.”

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. पलटणीत नाईक. एक अख्खं वर्ष सरहद्दीच्या पलीकडं काढून आलो होतो; आधी त्यांच्या इस्पितळात, मग कैद्यांच्या छावणीत. पकडलं तेव्हा जबडा फुटलेला, बोलता येत नव्हतं, गळ्यातला बिल्ला कुठं पडला ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या कागदावर कुणीतरी भलतंच नाव लिहिलं आणि ते दुरुस्त होईपर्यंत सुटायची वेळ आली. वर्षभर मेलेला राहिलो होतो. आणखी चार दिवस काही जड नव्हते.

“बसतो,” मी म्हणालो.

घरी गोदा कामावरून नुकतीच आली होती. माझी बायको. मी गेलो तेव्हा अंगानं भरलेली होती, आता मनगटाची हाडं दिसत होती. तळहातांवर चिंध्या बांधल्या होत्या. कपाळावर कुंकू मात्र रुपयाएवढं. मी उंबऱ्यात उभा राहिलो तर ती रडली नाही. पाण्याचा तांब्या दिला, मफलर सोडला, जबड्यावरच्या व्रणावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “वाकडा झाला व्हय थोडा.”

“थोडा.”

“चालतंय.”

मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

जेवायला मिलोची लाल भाकरी आणि लसणाची चटणी होती. मिलो म्हणजे परदेशातून आलेलं लाल जोंधळ्यासारखं धान्य, गळ्याखाली उतरायचं नाही. गोदा भाकरी कोमट पाण्यात कुस्करून मला भरवत होती आणि सांगत होती. कागद आला तेव्हा बाया बांगड्या फोडायला घरी आल्या होत्या. तिनं दाराला कडी घातली. आतून ओरडली, कागदात ‘बहुधा’ लिवलंय, बहुधाला मी बांगड्या फोडत न्हाई. त्यावरून गावात बोलबोल बोलले. खडी फोडताना शेजारच्या बाया कुंकवाकडं बघून तोंडं फिरवायच्या. एकटी बायडामावशी तेवढी तिच्या शेजारी येऊन बसायची.

बायडामावशीचं नाव निघालं आणि माझा घास तोंडातच राहिला.

“कामावर येती ती?”

“रोज. मोरदऱ्यावरनं तीन मैल उतरती, तीन मैल चढती. तुमची तार आली तवापासनं तर पाय जमिनीवर न्हाईत तिचं. म्हनती, हिंदुराव आला म्हंजी माझा सिदू बी आला.” गोदानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. “तो कुठं हाय वो?”

मी पाणी मागितलं.

मोरदरा ही खिंडीच्या वरची धनगरांची वस्ती. दहा-बारा घरं. तिथला सिदू झिमल माझ्याच पलटणीत, माझ्याच तुकडीत होता. मीच त्याला भरतीला नेला होता. बायडामावशीचा एकुलता एक. त्याच्याही नावाचा कागद आला होता, पण त्यात नुसतं ‘बेपत्ता’ एवढंच होतं. तिला तेवढं पुरत होतं.

दिवस मावळायच्या आधी ती आलीच. खांद्यावर हातोडी, हातात छोटी चरवी. दोन वर्षांच्या दुष्काळात तिची सगळी मेंढरं गेली होती, एक शेळी तेवढी उरली होती. तिचं दूध ती माझ्यासाठी घेऊन आली होती.

“लेका,” ती म्हणाली आणि माझ्या तोंडावरून, खांद्यावरून, हातांवरून आपले खरखरीत हात फिरवत राहिली. बाजारात जनावर घेताना बघतात तसं सगळं चाचपून बघितलं. “हाडं हाईत. मांस यील. पी दूध.”

मी प्यालो.

“माझा कवा यील?”

मी गोदाकडं पाहिलं. गोदा चुलीकडं वळली.

“मावशी, प्रवासानं लई दमलोय. सावकाश बोलू.”

“दम, दम. मला काय घाई न्हाई.” ती खुशीत होती. “तो तुज्या मागनंच आसतोय नेहमी. ल्हानपनी बी तसंच. तुमी दोघं येताना दिसला की आधी तू दिसायचास, मग त्यो.”

ती गेली तशी खिंडीच्या वाटेनं ओवी म्हणत गेली. आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

दुसरा दिवस मी घरात काढला. दार लावून. दुपारी बापू येऊन गेले. शनिवारची तयारी सांगत होते. फळी नव्यानं रंगवणार, हार घालणार, शाळेतली पोरं गाणं म्हणणार. मी ऐकत होतो. ते गेल्यावर गोदा कामावरून आली, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“सिदू गेला न्हवं?”

मी मान हलवली.

“तुमच्यासमोर?”

“माज्या मांडीवर.”

“आनि तुमी तिचं दूध प्यालात.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, “दिल्लीत सायबांपुढं सगळा जबाब दिलाय. कागद यील तिला. महिना-दोन महिन्यांत.”

“कागद तिला कोन वाचून दाखवनार? पोस्टमन मोरदऱ्याला चढत बी न्हाई. फाट्यावर कुनाच्या तरी हातात दील आनि तो मानूस रस्त्यावर, समद्यांच्या फुडं, खडीच्या ढिगावर तिला वाचून दाखवंल.” ती उठली. “तसं व्हायचं आसंल तर होऊ द्या.”

मी शुक्रवारी पहाटेच उजाडायच्या सुमारास खिंडीची वाट धरली. तोंड झाकलं नव्हतं. बापूंना दिलेला शब्द मोडत होतो हे ठाऊक होतं, पण त्या वाटेला तसंही कोणी नव्हतं. मेंढरांनी पाडलेली पायवाट, निवडुंगाच्या फडातून वर जाणारी. वर्षभर चाललो नव्हतो. तीनदा बसलो. वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि बायडामावशी कामाला निघायच्या तयारीत, भाकरी फडक्यात बांधत होती.

मला बघून तिचं तोंड फुललं. मग तिनं माझ्या मागं पाहिलं. वाटेकडं, खालपर्यंत. मग पुन्हा माझ्याकडं. फडक्याची गाठ तिनं मारली ती तिच्या हातातच राहिली.

“बस,” ती म्हणाली.

मी तिच्या ओट्यावर बसलो. सांगायला सुरुवात कुठून करायची ते सबंध वाटेवर घोकत आलो होतो. त्यातलं काहीच आठवलं नाही. सरळ सांगितलं.

“मावशी, सिदू गेला. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात. पयल्याच आठवड्यात.”

 मी बोलत राहिलो. पंजाबात, सरहद्दीवर, एका कालव्याच्या बांधावर आम्ही होतो. मी धरून नऊ माणसं, म्होरक्या मी. मशीनगन सिदूकडं. पहाटे त्यांचे रणगाडे आले आणि आम्हाला मागच्या बांधावर सरकायचा हुकूम आला. सगळे एकदम उठले असते तर एकही पोचला नसता. कुणीतरी मागं राहून गोळीबार चालू ठेवायला हवा होता.

“मी त्याला सांगितलं न्हाई,” मी म्हणालो. “त्योच म्हनला. नाईकसाब, तुमी निगा, मी येतो मागनं.”

“मागनंच यायचा त्यो,” ती म्हणाली.

“आमी आठ जनं पोचलो. मग गन थांबली. मी परत गेलो.”

“कशापायी?”

“त्याला आनायला.”

“किती लांब गेला हुतास त्याला सोडून?”

“दोनशे पावलं.”

तिनं मान हलवली. बरोबर हिशेब दिला असावा तशी. मी पुढं सांगितलं. मी पोचलो तेव्हा तो जिता होता, पोटात लागलेलं होतं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तेवढ्यात माझ्या जबड्यात गोळी लागली. त्यामुळं मला काही बोलता येईना. तोच बोलत होता. पाणी मागितलं. बाटली फुटली होती, म्हणून कालव्यातलं पाणी टोपीत आणून पाजलं.

“काय बोलत हुता?”

“घरचंच. तपकिरी मेंढी व्यायली का, म्हनून इचारत हुता. दोनदा इचारलं. मला बोलता येत न्हवतं. मी नुसती मान हलवली. व्हय म्हनून.”

बायडामावशीनं हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. वस्तीवर कुणाचा तरी कोंबडा ओरडत होता.

“व्यायली हुती,” ती म्हणाली. “दोन झाली. म्या पत्र धाडलं हुतं मास्तरकडनं. मिळालं नसंल.”

“न्हाई मिळालं.”

“तू बरोबर सांगितलंस मग त्याला.”

आणि मग ती रडली. ओट्याच्या खांबाला धरून, मोठ्यानं, अंग हलवून. शेजारच्या घरांतून बाया धावत आल्या. मी खाली मान घालून बसलो होतो. पळून जावं असं वाटत होतं, पण उठलो नाही. एका बाईनं तिला पाणी दिलं. ते ती प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, “पुरला कुनी?”

“त्यांनीच. बांधाच्या कडंला. मला उचलून न्यायच्या आधी. त्यांचा एक सुभेदार हुता म्हातारा, त्यानं सलाम केला.”

“वर दगड ठिवला?”

“मी हातानं दावलं तवा ठिवला. मोठा ठिवला.”

“बरं केलंस.”

ऊन वर चढलं होतं. तिनं फडकं उचललं, हातोडी खांद्यावर घेतली. बाया म्हणाल्या, आज कशाला जातीस, बस घरात. ती म्हणाली, घरात बसून काय करू, घर तर मोकळंच हाय. मग मला म्हणाली, “चल. तुला बी उतरायचंय.”

आम्ही दोघं पायवाटेनं खाली निघालो. ती पुढं, मी मागं. अर्ध्या वाटेवर, खिंडीच्या तोंडाशी, जिथनं खालचा रस्ता आणि त्यावरची माणसं मुंग्यांसारखी दिसतात, तिथं ती थांबली.

“त्या फळीवर तुजं नाव हाय न्हवं?”

“हाय.”

“बापू म्हनत हुता, मेलेल्याचं नाव लागतंय. जिवंत मानसाचं चालत न्हाई सरकारला.”

“म्हनून तर मला घरात बसवलंय.”

“मेलेल्याचं पायजे त्यास्नी?” ती खाली रस्त्याकडं बघत होती. डोळे सुजले होते, पण आवाज पक्का होता. “मग माज्याकडं हाय की.”

त्या क्षणाला माझ्या मनावरचं एक ओझं उतरलं आणि दुसरं चढलं, साहेबांपुढं उभं राहायचं. पण दुसरं मला पेलणार होतं. मी म्हणालो, “उद्या माज्यासंगं येशील?”

“येती.”

शनिवारी दहाच्या सुमाराला प्रांतसाहेबांची जीप आली. मध्यम वयाचे, चष्मेवाले, उन्हानं रापलेले गृहस्थ. त्या वर्षी तसे साहेब रोज चार-चार कामं हिंडायचे. त्यांनी आधी खडी बघितली, मग बायांना सावली आणि प्यायचं पाणी आहे का ते बघितलं. पोरांनी गाणं म्हटलं. बापूंनी हार घातला, आणि फळीसमोर उभं राहून भाषण सुरू केलं, “आमच्या गावच्या ज्या वीरानं देशासाठी प्राण...”

मी गर्दीच्या मागून आलो. अंगावर इस्त्रीचा गणवेश होता. तो गोदानं सकाळी तांब्यात निखारे घालून कडक केला होता. हातावर नाईकाच्या दोन पट्ट्या. शेजारी बायडामावशी, हातात हातोडी. गर्दी आपोआप बाजूला झाली. बापूंचं भाषण प्राणावरच थांबलं.

मी साहेबांसमोर जाऊन टाच मारली. “नाईक हिंदुराव बाळा खाडे, साहेब.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग फळीकडं पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“म्हणजे हे...?”

“मीच तो, साहेब. डिसेंबरात सुटून आलो.”

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळेच हसले. बापू हसले नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“सरपंच, हे काय आहे? अर्जात तुम्ही...”

“अर्ज लिहिला तेव्हा ते खरं होतं, साहेब,” मी मधेच म्हणालो. “बापूंकडं पलटणीचा कागद आहे. खोटं झालं ते गेल्या आठ दिवसांत, आणि ते या माणसांच्या पोटासाठी झालं. मला घरात बसायला सांगितलं होतं. मी नाही बसलो. चूक धरायची तर दोघांची धरा.”

 मी ठरवून आलो होतो ते बोललो. कालवा, बांध, मशीनगन, आठ माणसं. लांबवलं नाही. शेवटी म्हणालो, “फळीवर नाव चुकलंय. सिदू म्हाकू झिमल पाहिजे. ही त्याची आई.”

तेव्हा कुठं त्या तीनशे माणसांना कळलं. कोण हसत होतं ते थांबलं. बायडामावशीजवळ रोज बसणाऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले. बापूंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

साहेबांचा आवाज बदलला. “नाव देणं माझ्या हातात नाही. ते ग्रामपंचायतीनं ठराव करून द्यायचं. आणि सरपंच, तुम्ही एवढी लपवाछपवी केलीत ती फुकट. काम दुष्काळाला दिलंय, नावाला नाही. तुमच्या अर्जातली ती ओळ वाचलीसुद्धा असेल की नाही, शंकाच आहे.”

बापूंनी मान खाली घातली. मला त्यांची कीव आली. चार रात्री झोपले नव्हते बिचारे.

“पुढचं काम मिळेल तुम्हाला,” साहेब म्हणाले. “कुठं पाहिजे ते सांगा.”

आणि तिथं बायडामावशी बोलली. 

“सायेब, माज्या लेकाचं नाव देती मी. पर आसं फुकट न्हाई द्यायची.”

“काय पाहिजे, आजी?”

“ह्यो रस्ता हितं गावात संपतोय. सिदू हितला न्हाई. सिदू मोरदऱ्याचा. त्याचं नाव लावायचं तर रस्ता त्याच्या गावाला जायला पायजे.”

“किती लांब आहे?”

“तीन मैल,” बापू ताडकन म्हणाले. टोपी परत डोक्यावर गेली होती. “खिंडीतनं हाय साहेब. दगड जाग्यावर मिळतोय, वाहून आनायला नगं. कातळ फोडायला मानसं लागतील, ती हाईत. उन्हाळाभर पुरंल एवढं काम हाय.”

साहेब हसले. पहिल्यांदाच. “चला, दाखवा.”

ते खरोखरच चढले. बूट घालून, निवडुंगातून, खिंडीपर्यंत. बायडामावशी पुढं, साहेब मागं, त्यांच्या मागं बापू आणि मी. वर उभं राहून त्यांनी वस्तीची दहा-बारा घरं पाहिली, खालचं गाव पाहिलं आणि बरोबरच्या ओव्हरशियरला म्हणाले, “सोमवारी आखणी करून घ्या.”

त्याच दुपारी मी फळीवरचं माझं नाव चाकूनं खरवडून काढलं. बापूंनी स्वतः नवं लिहिलं. शाळामास्तर शेजारी उभे राहून एकेक अक्षर सांगत होते, म्हणून शहीदमधला ‘ही’ या वेळी दीर्घ आला.

मला दोन महिन्यांची रजा होती. ती मी खिंडीत काढली. सुरुंगाचं काम पलटणीत शिकलो होतो, ते उपयोगी पडलं. गोदा आणि बायडामावशी एकाच ढिगावर बसून खडी फोडायच्या. बायडामावशी सगळ्यांच्या आधी येई. मुकादमानं कुठं दगड सैल बसवला की तो पायानं हलवून बघे आणि पुन्हा बसवायला लावी. मुकादम वैतागायचा. ती म्हणायची, नाव माज्या लेकाचं हाय, तुज्या न्हाई.

रजा संपून मी परत गेलो. तिथं डॉक्टरांनी जबडा बघितला आणि मला घरी बसवलं. मी मे महिन्यात कायमचा परतलो तेव्हा रस्ता मोरदऱ्याला टेकला होता.

त्यानंतर आठवड्याभरात पोस्टमन आला. नवी सायकल होती त्याची. फाट्यावरून गावात, गावातून खिंडीत, खिंडीतून थेट मोरदऱ्याला बसूनच आला म्हणे, चढावाला तेवढा उतरला. मी त्या वेळी बायडामावशीच्या ओट्यावर बसलो होतो, तिच्या शेळीच्या पायात काटा मोडला होता तो काढत. पोस्टमननं लांबट तपकिरी पाकीट दिलं. सरकारी शिक्का होता. मी फोडलं आणि वाचायला लागलो, “अत्यंत खेदाने कळवण्यात येते की...”

“नगं,” ती म्हणाली. “मला ठावं हाय त्यात काय हाय ते. नाव बरोबर लिवलंय का तेवढं बग.”

मी बघितलं. सिदू म्हाकू झिमल. बरोबर होतं.

तिनं कागद हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि समोरच्या रस्त्याकडं पाहिलं. खडीचा पांढरा पट्टा खिंडीपर्यंत सरळ दिसत होता.

“सरकारच्या कागदाला यायला रस्ता लागला,” ती म्हणाली. “तू पायवाटेनं आला हुतास.”

मग ती उठली, पोस्टमनला पाणी दिलं आणि त्याला म्हणाली, “दमला आसशील. बस जरा सावलीला.”